सकाळचा पांढरा धूर

"निळा न्हाई, काळा न्हाई. पांढरा," पुंजाराम म्हणाला. "सकाळी गाडी चालू केली की मागं नुसता लोट. जालन्याला पोचेपर्यंत गायब."

राजानंद मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला. अंबडच्या त्याच्या गॅरेजात दुपारचे बारा वाजत आले होते. पुंजारामची गाडी दारातच चालू उभी होती आणि सायलेन्सरमधून काही म्हणजे काही निघत नव्हतं.

"काका, चार महिन्यांची गाडी. सीटवरचं प्लास्टिक बी काढलं न्हाई अजून तुम्ही."

"म्हणून तर जीव जळून राह्यला ना बाबा!"

तीस वर्षं पुंजारामनं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. ट्रक झाले, टँकर झाले, पुढाऱ्यांच्या जीपा झाल्या. ही पहिली स्वतःची. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत ती लागली होती. रोज पहाटे निघायचं आणि साहेबांना घेऊन वाटूरकडच्या शेतांवर जायचं. धुराची गोष्ट साहेबांना सांगितली तीही यानंच. पोटात काही ठेवता येत नाही, ही याची जुनी खोड. साहेब म्हणाले, सोमवारपर्यंत गाडी ठीक करा, नाहीतर दुसरा ड्रायव्हर, दुसरी गाडी बघावी लागेल. आडरानात बंद पडली तर काय करायचं? आज शनिवार होता.

"शोरूमला दाखवली का?"

"तीनदा गेल्तो. इथून तिथं जाईस्तोवर इंजिन गरम, मंग कुठला धूर? शेवटी म्हणलं, एक रात्र ठेवूनच घ्या. सकाळी फोन आला, काका, धूर बिलकुल न्हाई. खोटारडे लेकाचे! वॉरंटीत इंजिन खोलावं लागंल म्हणून सगळी टाळाटाळ."

राजानंदनं गाडी बंद केली, बॉनेट उघडलं. ऑइलची पट्टी ओढून पाहिली. ऑइल स्वच्छ होतं, पातळीही बरोबर होती.

"पांढरा धूर म्हणजे पाणी जळतंय. इंजिनात कुठून तरी पाणी झिरपायला पायजे. मंग रेडिएटरच्या या डब्यातलं पाणी उतरायला पायजे."

"खूण केलीय मी पेनानं. आठ दिवस झाले."

राजानंद वाकला. पाणी खुणेला टेकून होतं, केसभरही खाली गेलं नव्हतं. त्यानं डोकं खाजवलं.

"मोबाइलमध्ये शूटिंग काढलं का?"

"बायकोला काढायला लावलं. हे बघ."

दोघं मोबाइलवर वाकले. गाडी चालू झालेली होती, पुंजाराम मागे उभा राहून सायलेन्सरकडे बोट दाखवत होता, आणि दुर्गाबाईंचा आवाज येत होता, "कुठंय वो धूर?" पुढं एवढंच होतं.

"साधा मोबाइल हाय," पुंजाराम चिडून म्हणाला. "त्यात धूर येतच न्हाई."

राजानंदनं मोबाइल परत दिला. तेवढ्यात पुंजारामनं त्याचं मनगटच धरलं.

"राजानंद, हात जोडतो. हुडकून काढ काय ते. हल्ली सकाळी बिचकत चालवतो मी, भरोसाच राह्यला न्हाई गाडीवर. साहेब मागं बसून घड्याळ बघत्यात. मला दुसरं काही येत न्हाई रे. ही गाडी गेली तर मी करू काय? कोणाच्या दारात उभा राहू या वयात?"

बोलता बोलता त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. राजानंदला ऐकवेना.

"रडू नका काका. उद्या सकाळी मीच येतो घरी. तोवर गाडीला हात लावू नका."

रविवारी साडेसातला तो आला. थंडी कडक होती, पण लख्ख उजाडलं होतं. देवीच्या टेकडीवरचं देऊळ तिथूनही स्पष्ट दिसत होतं. नळाला सहा दिवसांनी पाणी आल्यानं गल्लीभर पाणी ओढायच्या मोटारी घरघरत होत्या आणि मोठ्यानं बोलल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. पुंजाराम फडक्यानं पुढची काच पुसत होता. पुसून झाली तरी त्याला ती धुरकटच वाटली, म्हणून त्यानं ती परत पुसली.

दुर्गाबाईंनी चहा आणला. राजानंदनं घेतला. पुंजारामनं कप तसाच ओट्यावर ठेवला.

"काल रात्रीपासून पोटात अन्न न्हाई यांच्या," दुर्गाबाई म्हणाल्या. "तुम्हीच सांगा आता काय ते."

"सांगतो ना काकू. काका, चावी द्या अन् मागं थांबा. धूर दिसला की हाक मारा."

पुंजाराम सायलेन्सरसमोर उकिडवा बसला. राजानंद आत बसला, दार लागलं. देवा, आज याला दिसू दे. एकदा दिसला म्हणजे इलाज सापडंल, इलाज सापडला म्हणजे उद्या कामावर जाता येईल. त्यानं पापणी हलू दिली नाही.

आणि दिसला. रोजच्यासारखाच, पांढरा, दाट.

"निघाला!" तो ओरडला. "राजानंद, निघाला! उतर, बघ, केवढा लोट हाय! मला येड्यात काढत होते सगळे! अगं दुर्गे, ये, तू बी बघ!"

त्याला हसू आणि रडू एकदमच आलं. दुर्गाबाई ओट्यावरून उतरल्या. त्यांनी सायलेन्सरकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या डोळ्यांकडे पाहिलं.

राजानंद मागे आला. पुंजारामशेजारी बसून त्यानं सायलेन्सरवर तळहात टेकवला आणि तसाच ठेवला.

"बोल की! सोमवारच्या आत होईल ना रे ठीक?"

"काका," राजानंद त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "मी अजून सीटच मागं घेऊन राह्यलो होतो. गाडी चालू केलीच न्हाई."