मज्जाव

"तुमच्या सातवीतलं मी निवडीन ते पोर उभं करायचं. त्यानं माझी नोटीस वाचून अर्थ सांगितला, तर तुमच्या शाळेच्या मैदानाला लंगडी घालत तीन फेऱ्या मारीन!" बिल्डिंगचे सेक्रेटरी जिन्यातूनच गरजले.

"आणि नाही सांगितला तर मी मारीन," बाई आपल्या घराच्या दारातून म्हणाल्या. "द्या टाळी."

टाळी वाजली. तिसऱ्या मजल्यावरचा शिंपी कोणी न विचारताच पंच झाला. असल्या कामासाठी तो आनंदाने दुकान बंद ठेवायचा.

सेक्रेटरींनी तीस वर्षं कचेरीत पत्रांचे मसुदे लिहिले होते. नोकरी सुटली, मसुदा सुटला नाही. पाणी येणार नसलं की ते लिहायचे, 'जलपुरवठा खंडित राहील', आणि निम्मी बिल्डिंग तोंडाला साबण लावून नळाकडे बघत बसायची. आता चेंडूने त्यांच्या गाडीचा आरसा फुटला होता. एक तारखेपासून मुलांना अंगण बंद, हे ते स्वतःच दारोदार सांगत फिरत होते. चोवीस बिऱ्हाडांतल्या पोरांना पळायला तेवढंच अंगण.

"पोरगं जिंकलं तर बंदी मागे घ्याल?" बाईंनी विचारलं होतं.

"छे! सगळ्यांच्या सह्या झाल्यात. सह्या झालेला कागद वर्षभर बदलता येत नाही. नियम आहे."

शनिवारी ते मूळ कागद घेऊन वर्गात आले. मागोमाग पंच, गळ्यात टेप तशीच.

वर्गाच्या भिंतींवर बिस्किटांचे पुडे, औषधांची खोकी, विजेची बिलं चिकटवलेली. बाई त्यांवरूनच शब्द शिकवायच्या. अवघड शब्द दिसला की पोरांनी तो पकडून आणायचा, फोडायचा, वहीत डांबायचा. नियम एकच. अंदाज मारायचा नाही.

बारा हात वर गेले. सेक्रेटरींनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांचं बोट थेट शेवटच्या बाकावर गेलं. "ती."

त्यांच्याच बिल्डिंगमधली पोरगी. वर्ग तिला गोगलगाय म्हणायचा. शब्दाशब्दाखाली बोट ठेवून वाचायची, एका पानाला अख्खा तास घ्यायची.

गोगलगाय पुढे आली. कागद टेबलावर ठेवून तिनं बोट टेकवलं.

"दिनांक एकपासून... इमारतीच्या अंगणात... लहान मुलांच्या खेळण्यास... मज्जाव..."

"मज्जा!" पहिल्या बाकावरचा हुशार ओरडला. वर्ग खिदळला. सेक्रेटरी मिशीत हसले.

"...मज्जाव करण्याची... मुभा... कोणासही... राहणार नाही."

"वाचलंस. आता अर्थ?"

तिचं बोट परत ओळीच्या सुरुवातीला गेलं. शिंप्याला खोकला आला, तोही त्यानं गिळला.

"आमच्या खेळण्यावर बंदी नाही," ती म्हणाली.

"चूक!" सेक्रेटरींनी टेबलावर थाप मारली. "बंदी आहे! बाई, काढा चपला!"

बाईंचा हात चपलेकडे गेला. बंदी आहे हे तर त्यांनाही ठाऊक होतं, सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. बिचारी मज्जेला फसली, झालं.

गोगलगाय हलली नाही. "मज्जाव म्हणजे बंदी. मुभा म्हणजे परवानगी. बंदी करायची परवानगी कोणालाच नाही." तिनं मान वर केली. "म्हणजे खेळू नका असं आम्हाला कोणीच म्हणायचं नाही. तुम्हीपण नाही, काका."

"अगं, मी लिहिलंय! मला माहीत नाही मी काय लिहिलंय?"

"तुम्ही बोट ठेवून वाचा ना."

सेक्रेटरींनी चष्मा लावला आणि झरझर वाचलं. मग थांबून पुन्हा वाचलं. तिसऱ्या खेपेला मात्र त्यांचं बोट आपोआप कागदावर उतरलं. 'मज्जाव'पाशी आलं, 'मुभा'पाशी अडखळलं, 'नाही'वर येऊन खिळलं. कान आधी लाल झाले, मग गाल.

"एक शब्द वजनाला जास्त पडला वाटतं," शिंपी म्हणाला.

बाईंनी कागद ओढून वाचला आणि खुर्चीवर बसकण मारली. वर्षभर बदलता न येणारा कागद! वर्गात असा काही गोंधळ उठला, की शेजारच्या वर्गाचे मास्तर छडीशिवायच धावत आले.

मधल्या सुट्टीत अख्खी शाळा मैदानाच्या कडेनं उभी राहिली. सेक्रेटरींनी चपला काढल्या, पँट दुमडली आणि निघाले. पडले ते दोनदाच. "एक!" शाळा ओरडली. शिंपी पोट धरून हसत होता. आपलीच पोरगी असल्यासारखा तो येणाऱ्याजाणाऱ्याला गोगलगाय दाखवत होता.

ती मात्र पायरीवर बसून अजून वाचत होती. कागद संपला म्हणजे उलटून बघायचा, हेही तिला वर्गातच शिकवलं होतं.

"बाई, मागे सह्या आहेत," ती म्हणाली. "वर लिहिलंय, 'मजकूर वाचून, समजून मान्य केला.' पहिली सही काकांची. दुसरी शिंपीकाकांची." शिंप्याचं हसू अर्ध्यात अडकलं. पोरीचं बोट पुढे सरकलं आणि थांबलं. तिनं बाईंकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे. "तिसरी..."

बाईंनी कागदाकडे पाहिलं. वहीत शेरा मारताना करतात तीच झोकदार सही, शेपटीसकट. 

त्यांनी चपला काढून पायरीखाली नीट लावल्या, शिंप्याचा दंड धरला आणि मैदानात उतरून एक पाय उचलला.

"सरका हो जरा, सेक्रेटरी! आम्हीपण न वाचताच मान्य केलं होतं."