सूज उतरली

"सूज आली, पुरळ उठलं तरी घाबरू नका. चार-पाच दिवसांत आपलं आपण जाईल," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मुलाच्या साखरपुड्यात तरुण दिसायचं म्हणून गंधालीने घरात कुणालाही न सांगता सुरकुत्यांवर इंजेक्शनं घेतली होती. आता चेहरा लालभडक होऊन सुजला, तरी तिने तोंड उघडलं नाही.

"बाहेरचं काय खाल्लंस गं?" सासूबाई कासावीस झाल्या.

"काही नाही हो आई. असंच उठलंय."

गुडघ्यांवर हात टेकून उठणाऱ्या म्हातारीने लगेच देवापुढे पदर पसरला. "आई जीवदानी, माझ्या सुनेचा चेहरा बरा कर. तुझा गड अनवाणी चढेन." गंधाली शेजारीच बसली होती. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण बाईसाहेबांना सासूच्या गुडघ्यांपेक्षा आपलं गुपित मोलाचं.

सूज उतरली. साखरपुड्यात कुणीतरी "नवऱ्या मुलाची बहीण का?" विचारलं आणि बाईसाहेब दिवसभर फुलून होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाईंनी ओटीचं सामान पिशवीत भरलं, चपला दाराआड सारल्या, "तू झोप गं, दमली असशील," म्हणाल्या आणि जिन्याचा कठडा धरून विरारला, जीवदानीच्या गडाकडे निघाल्या.