सही जुळलेला मुलगा

इंदुताईंनी मुलाला आमटी वाढली. विहंग काहीतरी म्हणाला, पण त्यांच्या कानातलं श्रवणयंत्र गप्पच राहिलं. खोट्या आवाजांनी लोकांना लुबाडायला सुरुवात केल्यापासून ते यंत्र बोलणाऱ्याची डिजिटल सही जुळल्याशिवाय कुणाचाच आवाज आत सोडत नसे, आणि विहंगच्या सहीची खात्री देणारा सर्व्हर आठवडाभर बंद होता.

“सर्व्हर नव्या लोकांनी घेतलाय, आज सुरू होईल,” विहंगने मोबाइलवर लिहून दाखवलं आणि घास घेतला.

तेवढ्यात यंत्र किणकिणलं. सही जुळली होती. आवाज विहंगचाच होता, पण विहंग तर मुकाट्याने घास चावत होता.

“आई, समोर जेवायला बसलाय तो मी नाही.”

इंदुताई मुलाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी त्याच्या पुढ्यातलं ताट हळूच ओढून घेतलं.