चांदोबाची तारीख

ढोणे गुरुजींनी फळ्यावर लिहिलं, ‘दिनविशेष, २१ जुलै. १९६९ साली आजच्या दिवशी माणूस चंद्रावर पहिल्यांदा चालला.’ शाळेच्या दारातला हा फळा अठ्ठावीस वर्षं त्यांच्याकडेच होता. जगातल्या थोरांच्या जन्मतारखा त्यांना तोंडपाठ होत्या, स्वतःची तेवढी खोटी होती. शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी अख्ख्या गावाला एक जूनलाच जन्माला घातलं होतं. मरायच्या आत खरी तारीख कळावी, एवढी एकच हौस त्यांना उरली होती.

घरी विसरलेला डबा घेऊन आई आली. "आज काय लिवलंस, गुरुजी?"

गुरुजींनी वाचून दाखवलं.

"म्हंजी त्यो दिवस आजचा व्हय? मेली सुईण तुझी नाळ कापून जी पळाली पाटलाच्या रेडिओकडं, ती चांदोबावर माणूस चालल्याचं ऐकूनच परत आली. तवर तुला ना आंघोळ, ना दुपटं!"

गुरुजींच्या हातातला खडू मोडला. "अगं आई, जन्मभर तारीख विचारतोय मी तुला!"

"तू तारीख इचारायचास. चांदोबाचं कधी इचारलंस?"

गुरुजी फळ्याकडे वळले. पुराव्याशिवाय तिथे त्यांनी आजवर एक ओळ लिहिली नव्हती. आज पुरावा डबा घेऊन समोर उभा होता.

"खाली माझंबी लिव्ह," आई म्हणाली. "त्यो नुसता चालला. बाळंत मी झाले."

गुरुजींनी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि नवा खडू घेतला.