बिल्ला नंबर एकतीस

फिटरने चहाचा कप उचलला, सवयीने समोरच्या भिंतीवरल्या फळ्याकडे पाहिलं आणि कप होता तसा खाली ठेवला. दहा नंबरच्या पान्याच्या खिळ्यावर बिल्ला लटकत होता.

हा फळा म्हणजे स्क्वाड्रनच्या माजी हवाईसैनिकांचं दैवत. स्क्वाड्रन मोडलं तेव्हा संघटनेने तो भंगारातून सोडवून आणला होता, आणि दरवर्षीचा मेळावा त्याच्याच समोर भरायचा. फळ्यावर प्रत्येक हत्याराची पांढरी आकृती, शेजारी एक खिळा. हत्यार घेतलं की आपल्या नंबरचा पितळी बिल्ला त्या खिळ्यावर अडकवायचा. हत्यार जागेवर आलं की बिल्ला परत. फळा भरल्याशिवाय विमान सोडायचं नाही. आता बाकी सगळी हत्यारं जागच्या जागी होती, दहा नंबरच्या पान्याची आकृती तेवढी चाळीस वर्षं रिकामी. "कुणाच्या तरी बायकोने नळ आवळायला नेला असणार," म्हणत सगळे दरवर्षी हसायचे. फिटर सगळ्यांत मोठ्याने.

आज त्या रिकाम्या आकृतीशेजारी बिल्ल्याच्या कडेवरून पाणी ओघळत होतं.

वहिनी उठल्या. चाळीस वर्षांपूर्वी विमानासकट समुद्रात गेलेल्या वैमानिकाच्या या पत्नी. चौकशीने सगळं खापर त्यांच्या नवऱ्याच्या माथी फोडलं होतं, आणि या टेबलाभोवती निदान ते कुणी बोलून दाखवत नसे, म्हणून त्यांनी एकही मेळावा चुकवला नव्हता. त्यांनी बिल्ला काढून रुमालाने पुसला.

"एकतीस," त्यांनी वाचलं. "भाऊजी, तुमच्यातलं एकतीस कोण?"

"कुणीतरी चेष्टा केलीय, वहिनी," सेक्रेटरी म्हणाला. "बरं, सांगा रे आपापले नंबर."

नातवंडांची नावं विसरणारे म्हातारे, पण नंबर कुणी विसरलं नव्हतं. "चौदा." "नऊ." "बावीस." टेबलाला वळसा घालत नंबर फिटरच्या दिशेने येऊ लागले.

विमान पडलं त्या सकाळी, काम संपलं तरी पाना सापडत नव्हता. विमान आणखी थांबवलं असतं तर सगळ्यांदेखत शिव्या खाव्या लागल्या असत्या. त्याने गुपचूप आपला बिल्ला खिळ्यावरून काढला. "फळा भरला का रे?" शिडी चढताना वैमानिकाने विचारलं होतं, आणि तो म्हणाला होता, "भरला, साहेब." खिळ्यावर बिल्ला नाही, म्हणजे त्या दिवशी पाना कुणी घेतलाच नव्हता, तो आधीच कुठेतरी हरवला होता, असं पुढे चौकशीत ठरलं. बिल्ला त्याने मेसमागच्या विहिरीत टाकला. ती विहीर बुजवूनही आता वीस वर्षं झाली होती.

"तुझा किती रे?" शेजारच्याने कोपराने ढोसलं.

घाम पुसावा म्हणून फिटरने कोटाच्या खिशात रुमालासाठी हात घातला. बोटांना लोखंड लागलं, इतकं गार की बोटं चिकटली. त्याने बाहेर काढला तो दहा नंबरचा पाना होता. त्याच्यावर मिठाचा पांढरा थर चढला होता.

फिटर उठला, फळ्यापाशी गेला आणि त्याने पाना आकृतीत टांगला. तो बरोबर बसला.

"एकतीस मी," तो म्हणाला. "त्या दिवशी फळा भरला नव्हता, वहिनी. साहेबांची काही चूक नव्हती."

चाळीस वर्षांत त्याला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. मग हत्यार जागेवर ठेवल्यावर करायचा तसा, निव्वळ सवयीने, त्याने बिल्ल्यासाठी हात पुढे केला.

वहिनींनी मूठ मिटली.