मोरी

आशाबाईनं मुनिराचं दार वाजवलं तेव्हा गल्लीतलं पाणी तिच्या पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. दाराच्या खालच्या पायऱ्या बुडाल्या होत्या.

मुनिरानं दार अर्धंच उघडलं. दोन पावसाळे दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

"मोरी उघडा," आशाबाई म्हणाली. "पाणी घरात शिरलंय. आत्याबाई खाटंवर हायत. त्यान्ला उठता येत नाय."

"घरात माणूस नाय. कापूस आणायला लासूर स्टेशनला गेलेत. आल्यावर विचारते."

"तवर काय करू?"

आशाबाई वळली आणि लुगडं वर खोचून पाण्यातून घराकडे गेली.

गुलमंडीच्या मागची ही गल्ली नाल्याकडे उतरत जाते आणि कय्युम पिंजाऱ्याच्या आवाराच्या भिंतीपाशी संपते. कय्युम म्हणजे मुनिराचा नवरा. भिंतीच्या तळाशी निजामाच्या वेळची दगडी मोरी होती. गल्लीतलं पावसाचं पाणी तिच्यातून कय्युमच्या अंगणात यायचं आणि अंगणातल्या नालीनं मागच्या नाल्यात जायचं. वरच्या अंगाला मोकळी जमीन होती तोवर ते पाणी बेताचं असे. मग तिथं घरं झाली, घरांपुढं फरशी आली, आणि नाली दर पावसाळ्यात भरून वाहू लागली. घाण पाणी कापसाच्या खोलीत शिरू लागलं. कय्युमनं मोरी दगड-सिमेंटनं बुजवून टाकली.

भिंतीच्या अलीकडचं शेवटचं घर आशाबाईचं. तिचा नवरा रामकिसन भांडायला आला होता. "हे पाणी ना तुझ्या घरचं, ना माझ्या घरचं," कय्युम त्याला म्हणाला होता. "मग मीच का घेऊ?" तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं.

मुनिरा गच्चीवर गेली. पाऊस अंगावर घेत कठड्यावरून वाकली. खाली आशाबाईच्या घराचं दार सताड उघडं होतं. आत खाटेचे पाय दिसत नव्हते. आशाबाईनं एका बाजूला विटा सरकवल्या होत्या, त्यामुळे खाट कलली होती, आणि दुसरी बाजू ती खांद्यावर तोलून उभी होती. खाटेवर तिच्या आत्याबाई, म्हणजे सासू लक्ष्मीबाई. म्हातारी ओरडत नव्हती, रडतही नव्हती. एका हातानं खाटेची दांडी धरून दुसऱ्या हातानं ती सुनेच्या डोक्यावरचा घसरलेला पदर सारखा करत होती.

मुनिरा खाली आली. कापसाची खोली उघडली. थंडीच्या दिवसांसाठी भरलेल्या गाद्या, रजया आणि भिंतीला लावलेले कापसाचे गठ्ठे. तिनं रजया उचलून पिंजण्याच्या यंत्रावर टाकल्या. एक गठ्ठा ओढून पाहिला, तो हलला नाही. पुन्हा ओढला. मग सोडून दिला आणि कोपऱ्यातली पहार उचलली.

सिमेंट पक्कं झालं होतं. पहिल्या घावांना नुसत्या कपच्या उडाल्या. मग एका दगडाच्या कडेनं पाण्याची धार लागली. मुनिरानं तिथंच पहार घातली आणि सगळं वजन टाकलं. दगड सुटला, त्याच्यामागून दुसरा आला, आणि पाण्यानं तिला उताणं पाडलं. उठून बसेपर्यंत नाली भरली होती, अंगण भरलं होतं, आणि पाणी कापसाच्या खोलीत जात होतं. तिनं ते पाहिलं. उठायला गेली तर पायाला मोठी जखम झालेली.

थोड्या वेळानं, गल्लीतलं पाणी उतरल्यावर, आशाबाई आली. तिनं काही विचारलं नाही. आत जाऊन एका गठ्ठ्याचं टोक धरलं. लंगडत मुनिरानं दुसरं धरलं. जमतील तेवढे गठ्ठे दोघींनी पायऱ्यांवर चढवले. बाकीचे तोवर भिजून इतके जड झाले की दोघींनाही हलेनात.

दिवेलागणीला कय्युम आला. नव्या कापसाचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच उभा करून तो चिखलातून आत आला. मोरी पाहिली. बायकोच्या पायाची पट्टी पाहिली.

"किसने तोडी?"

"मैंने."

तो खोलीत गेला. खालच्या गठ्ठ्यातून मूठभर कापूस काढून पिळला. काळं पाणी निघालं.

"मैं रहता तो तोडने नहीं देता," तो म्हणाला.

"मालूम है. उनकी बुढिया खाट पे थी. पानी खाट को लगा था."

कय्युम हातातला कापूस तसाच धरून उभा राहिला.

रामकिसन कामावरून घरी आला आणि बायकोकडून सगळं ऐकून तसाच इकडं आला. तो पायरीवरच थांबला. आत यायचं की नाही हे त्याला ठरवता येईना.

"कय्युमभाई, लई नुकसान झालं तुमचं," तो म्हणाला. "उद्या मी सिमेंट आणतो. मोरी व्हती तशी बुजवून देतो. माझ्या हातानं."

कय्युमनं त्याच्याकडे पाहिलं. "आजी कशा हायत?"

"चहा घेतला. पडून हाय आता."

मोरीतून अजून पाणी येत होतं, बारीक, गढूळ. वरच्या घरांच्या पन्हाळींचा आवाज थांबला नव्हता.

"सिमेंट आण," कय्युम म्हणाला. "मोरीला नको. कापसाच्या खोलीचा उंबरा वर घेऊ."

रामकिसन एक पायरी चढून आत आला. खोलीच्या दाराशी वाकून त्यानं उंबऱ्यावर हात ठेवला. "किती घ्यायचा? वीतभर?"

"कंबरेइतका घे," कय्युम म्हणाला. "वर अजून घरं होणार हायत."