पाडायचं न्हाई

"आज कुणाला पाडलं?" भाकरी मोडता मोडता मारुतरावांनी विचारलं.

"कुणालाच न्हाई," पृथ्वीराज म्हणाला. हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

"आठवडा झाला. एकालाबी न्हाई?"

"रोज उचलतोय, आप्पा. पाडत न्हाई."

मारुतरावांनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. वडगाव रासाईतल्या त्यांच्या तालमीतून तीस वर्षांत पुष्कळ पैलवान बाहेर पडले होते. न पाडणारा हा पहिलाच, आणि तोही पोटचा.

"पाय रुंद टाक," ते म्हणाले. "कमरेतनं उचलू नगं. मांडीतनं उचल."

नेमकं हेच दुपारी रश्मी मॅडम ओरडल्या होत्या.

पृथ्वीराज दौंडला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. कॉलेज सुटल्यावर तो तिथल्या तालमीत जातो, असा घरचा समज होता. जायचा तो कॉलेजच्या चिअरलीडिंगच्या संघात; रश्मी मॅडम तिथल्या प्रशिक्षक. तिथं तो 'बेस' होता. म्हणजे ज्याच्या हातावर दुसरं कुणीतरी उभं राहतं आणि ज्याच्याकडे कुणी बघत नाही, तो. वर उभी राहणारी ती 'फ्लायर'. ती होती रेल्वे कॉलनीतली गौतमी. तिनं एका पायावर उभं राहून दुसरा गुडघा वर घेतला की ती लिबर्टी. हात गुंफून तिला हवेत उडवलं की बास्केट टॉस. खाली येताना अलगद झेललं की क्रेडल. आणि हे सगळं एक ते आठच्या मोजणीवर.

घरी रोज दूध, तूप, बदाम मिळायचे ते कुस्तीच्या नावानं. आपण गोंडे हलवणाऱ्यांच्यात आहोत हे कळलं, तर आप्पा गावातून मान वर करून चालणार नाहीत, एवढीच त्याला भीती होती.

एकदा थोडक्यात वाचला. बॅगेतून चंदेरी गोंडा घरंगळला आणि नेमका मारुतरावांच्या पायाशी थांबला.

"हे काय?"

"बैलाच्या शिंगाला. पोळ्याला."

"पोळा होऊन तीन महिनं झालं."

"म्हंजी पुढच्या."

मारुतरावांनी गोंडा झटकला, बॅगेत ठेवला आणि चेन लावली. "मोबाइल ठिवून जा माझ्यापाशी," ते म्हणाले. "बातम्या ऐकतो."

पुढं रोज रात्री जेवण झालं की ते बातम्या ऐकायला लागले. त्याच सुमारास तालमीतला हलगीवाला बाळासो रोज संध्याकाळी हलगी घेऊन बसू लागला. जत्रा चैत्रात, आणि अजून मार्गशीर्षही सरला नव्हता.

"आत्तापासनं तयारी?" पृथ्वीराजनं विचारलं.

"हात बसाया पायजे," बाळासो म्हणाला आणि दुसरीकडं बघायला लागला.

जानेवारीत दौंडला स्पर्धा लागली. "मॅटवरच्या कुस्त्या हायत," पृथ्वीराजनं घरी सांगितलं. "तुम्ही येऊ नका आप्पा, लई गर्दी असती."

"न्हाई येत," मारुतराव म्हणाले.

हॉल भरला होता. गाण्याचं मशीन अगदी मागं, शेवटच्या रांगेशेजारी एका टेबलावर होतं. गाणं सुरू झालं. उड्या झाल्या, बास्केट टॉस झाला, गौतमी अलगद झेलली गेली. आता शेवटचा मनोरा. गौतमीनं पृथ्वीराजच्या तळहातावर पाय ठेवला, आणि गाणं बंद पडलं.

वर पंखे गरगरत होते. परीक्षकांच्या टेबलावरचा दिवाही चालू होता. फक्त गाणं गेलं होतं. रश्मी मॅडमनी तोंडावर हात घेतला. मोजणी चुकली तर मनोरा नाही, आणि मनोरा नाही तर नंबर नाही.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून हलगी कडाडली.

ठेका गाण्याचाच होता. तंतोतंत. पाचला उचल, सातला हात सरळ, आठला हलगी क्षणभर थांबली. गौतमीनं गुडघा नेमका तिथंच वर घ्यायचा असायचा. तिनं घेतला. पृथ्वीराजनं पाय रुंद टाकले आणि मांडीतून जोर लावला.

फ्लायरनं वर हसरं तोंड ठेवायचं असतं. गौतमी हसतच, दातांतून बोलली, "मागं फेटेवाले बसलेत. सगळ्यांचे कान पैलवानांसारखे मोडलेले आहेत."

"गप्प उभी ऱ्हा."

"टेबलाकडचा टाळ्या वाजवतोय. मोजून."

पृथ्वीराजला घाम फुटला. हात मात्र हलला नाही.

पहिला नंबर आला. बक्षीस घेऊन पृथ्वीराज खाली उतरला तेव्हा मारुतराव दारात उभे होते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगत होते, "वर ती पोरगी बघितली ना? तिच्या खाली होता तो. खालचा. खालचा आमचा."

पृथ्वीराज पायाशी वाकला. मारुतरावांनी स्वतःचा फेटा काढून त्याच्या डोक्यावर ठेवला.

"कवा कळलं, आप्पा?"

"बैलाला चंदेरी गोंडा कोण बांधतंय रं? मग तुझ्या मोबाइलात सगळं बघितलं. बाळासोला रोज ऐकवलं. महिनाभर एकच गाणं, कान किटलं बिचाऱ्याचं."

बाळासोनं हलगी छातीशी धरून मान हलवली.

"आन् मघाशी इथल्या साहेबांना इचारलं, पोरगं उचलाया लागलं की हलगी वाजवली तर चालंल का. न्हाई म्हनले. नियमात बसत न्हाई."

"पण बरं झालं तुम्ही ती आणली," पृथ्वीराज म्हणाला. "ऐन वेळी स्पीकरनं दगा दिला."

मारुतरावांनी इकडंतिकडं बघितलं, सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि गुंडाळलेली एक काळी वायर त्याच्या हातात ठेवली.

"मागच्या टेबलावर ठिवून ये. त्यांची हाय."